तारखेचा साक्षीदार

एकच कविता दोन विद्यार्थ्यांनीं आपली म्हणून दाखविली, तर ती आधीं कोणाजवळ होती हें ठरवावयाचें कसें? वहीवरील तारीख ज्याची त्यानेंच घातलेली असते. टपालाच्या शिक्क्यावर आपण विश्वास ठेवतों, कारण तो पत्र लिहिणाराच्या हातीं नसतो.

कोणाचें घड्याळ प्रमाण मानावें, हा प्रश्न मुंबईस नवा नाहीं. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली व रेल्वे तिच्याप्रमाणें धावूं लागली. परंतु नगरपालिकेच्या घड्याळांवर सुमारें ३९ मिनिटें मागें असलेली ‘मुंबई वेळ’ पुढें कित्येक वर्षें टिकून राहिली. अंधेरीहून वा घाटकोपरहून निघालेला गृहस्थ एका वेळेनें गाडींत बसे आणि शहरांत उतरून दुसरीच वेळ पाही!

संगणकाची गोष्ट याहून बिकट आहे. त्याचें घड्याळ मागें फिरविलें कीं आजचा निबंध गतवर्षींचा दिसूं लागतो. यावरील उपाय मात्र सोपा आहे. ‘ओपनएसएसएल’ या विनामूल्य साधनास एका ओळीची आज्ञा दिली म्हणजे तें लेखाचा ‘हॅश’, म्हणजे ६४ अक्षर-अंकांचा ठसा, काढून विनंतीपत्र तयार करतें. लेखांतील एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा पार बदलतो. वेळेचा शिक्का देणाऱ्या संस्थेकडे केवळ ठसा जातो. लेख आपल्या घरींच राहतो. संस्था आपल्या घड्याळाची वेळ त्यास जोडते व डिजिटल स्वाक्षरी करून पावती धाडते. पुढें मूळ लेख, पावती व संस्थेचें प्रमाणपत्र हीं तिन्ही दुसऱ्या आज्ञेनें कोणासहि ताडून पाहतां येतात. या पद्धतीचे नियम २००१ सालींच प्रसिद्ध झाले आहेत.

हें मुलांस कशाला, असें कित्येक पालक विचारतील. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेला भारतीय साक्ष्य अधिनियम संगणकीय पुराव्याच्या प्रमाणपत्रांत हॅश नमूद करावयास सांगतो. तेव्हां हें ज्ञान तज्ज्ञांपुरतें राहून चालणार नाहीं. शाळेनें संगणकाच्या वर्गांत त्यासाठीं दोन तास अवश्य द्यावेत, असें माझें स्पष्ट मत आहे.

मात्र विद्यार्थिमित्रांनो, एक मर्यादा विसरूं नका. शिक्का ‘हा लेख त्या वेळीं होता’ एवढेंच सांगतो. तो कोणी लिहिला व त्यांतील मजकूर खरा कीं खोटा, हें सांगत नाहीं. चोरलेल्या कवितेवरहि तो तितकाच स्वच्छ उमटतो. तारखेची साक्ष यंत्र देईल. प्रामाणिकपणाची साक्ष ज्याची त्यानेंच द्यावयाची आहे.