धुराड्याच्या दर्जा भरताना सिमेंट नको

सिमला, मसुरी, नैनिताल, दार्जिलिंग, उटी अशा थंड हवेच्या ठिकाणी इंग्रजी अमदानीत बांधलेले बंगले आजही कित्येक कुटुंबांची राहती घरे आहेत. कुणाला ते वारशाने मिळाले, कुणी हौसेने विकत घेतले, तर कुणी नोकरीतल्या बदलीमुळे तीन-चार वर्षांपुरते तिथे राहायला येतात. अशा घरात पाऊल टाकल्यावर गृहिणीचे लक्ष जाते ते लाकडी जमिनीकडे, गळणाऱ्या पत्र्याकडे आणि स्वयंपाकघराकडे. छपरावर उभ्या असलेल्या विटांच्या धुराड्याकडे मात्र कोणी मान वर करून पाहत नाही.

वास्तविक ऊन, पाऊस आणि हिमाचा मारा घरात सर्वांत जास्त सोसते ते धुराडेच. भिंतीला आतल्या बाजूने घराची ऊब मिळते, वरून छपराची वळचण असते. धुराडे चारही बाजूंनी उघडे. त्यात आतून धूर, काजळी आणि उष्णता. साहजिकच विटांच्या मधले सांधे, ज्यांना गवंडी ‘दर्जा’ म्हणतात, ते आधी झिजतात.

ही झीज ओळखायला फार शहाणपण लागत नाही. छपराच्या पन्हळीत दर पावसाळ्यानंतर बारीक वाळू साठत असेल, शेकोटीच्या वरच्या भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग पसरत असतील किंवा शेकोटी पेटवल्यावर माळ्यावर धुराचा वास येत असेल, तर दर्जा पोकळ झाल्या आहेत असे समजावे. रात्री शेकोटी विझलेली असताना धुराड्यात वरून वायरने पेटता बल्ब सोडावा आणि माळ्यावरचे दिवे बंद करून पाहावे. ज्या फटीतून उजेड येतो, त्याच फटीतून धूरही येतो.

हा धूर नुसता डोळ्यांना झोंबणारा नसतो. जळत्या कोळशातून आणि लाकडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. फटीतून उडालेली ठिणगी माळ्यावरच्या वाळक्या देवदाराच्या वाशांना लागली तर काय होईल, हे सांगायला नको. शिवाय हिमालयाचा सारा पट्टा भूकंपाचा आहे. 4 एप्रिल 1905 च्या कांगड्याच्या भूकंपाचे धक्के मसुरी-डेहराडूनपर्यंत इमारतींना नुकसान करून गेले. उंच, सडपातळ आणि सांधे सुटलेले धुराडे अशा धक्क्यात टिकाव धरणे कठीणच.

म्हणून बरीच मंडळी गवंड्याला बोलावतात. आणि खरा घोटाळा इथूनच सुरू होतो. गवंडी वर चढतो, खाली येतो आणि म्हणतो, “साहेब, सिमेंट भरून टाकतो. पुन्हा पन्नास वर्षे बघायला नको!” दोन दिवसांत काम उरकते. धुराडे नव्यासारखे दिसते. घरातली माणसे निश्चिंत होतात.

पाच-सात हिवाळे गेले की विटांचे तोंड पापुद्र्यासारखे सुटू लागते. काही वर्षांनी असे दृश्य दिसते की, सिमेंटच्या रेषा जशाच्या तशा शाबूत आणि त्यांच्या मधली वीट मात्र इंच-इंच आत गेलेली, जणू खिडक्यांची चौकट राहिली आणि तावदाने गळून पडली. गवंडी सांगतो की वीटच खराब होती. वीट खराब नव्हती. शंभर वर्षे ती तिथे नीट उभी होती.

झाले ते असे. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली निघाले, पण आपल्याकडे पोरबंदरचा सिमेंट कारखाना 1914 साली सुरू झाला. त्याआधीची बहुतेक घरे चुन्यात बांधलेली आहेत. त्या काळची वीट मऊ आणि पाणी शोषणारी, आणि चुना तिच्याहूनही मऊ. पावसात भिजलेले धुराडे वाळताना पाणी बाहेर पडते ते प्रामुख्याने या चुन्याच्या दर्जांमधून. पाण्याबरोबर येणारे क्षारही तिथेच साठतात. झिजायचे असेल तर दर्ज झिजते, वीट वाचते. दर्ज पुन्हा भरता येते. शंभर वर्षांपूर्वीची वीट मात्र बाजारात मिळत नाही.

सिमेंटने ही वाट बंद होते. पाणी मग विटेतूनच बाहेर पडू पाहते. थंडीत ते विटेच्या पोटातच गोठते. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. त्या दाबाने विटेचा भट्टीत पक्का झालेला वरचा थर सुटतो आणि आतला कच्चा भाग उघडा पडतो. उटीसारख्या ठिकाणी हिम पडत नाही, पण विटेच्या तोंडाशी साठलेले क्षार तिथेही हेच काम करतात, जरा सावकाश इतकेच.

धुराड्याच्या बाबतीत सिमेंटचा आणखी एक दोष आहे, तो भिंतीत सहसा दिसत नाही. कोळशाच्या धुरातले गंधकाचे क्षार ओलीबरोबर सांध्यांत मुरतात, सिमेंटशी त्यांची रासायनिक क्रिया होते आणि सिमेंट फुगते. पावसाचा मारा ज्या बाजूला जास्त, ती बाजू जास्त फुगते. परिणामी धुराडे हळूहळू विरुद्ध बाजूला वाकते. वाकलेले धुराडे दिसले की लोक पायाला दोष देतात, पण दोष पुष्कळदा दर्जांत असतो.

काम करून घेण्यापूर्वी जुना माल कशाचा आहे हे पाहावे. दर्जेतला खडा काढून बोटांत चुरडावा. तो सहज चुरडला आणि त्यात पांढरे ठिपके दिसले तर तो चुना समजावा. थोडा चुरा काचेच्या पेल्यात व्हिनेगरमध्ये टाकला की चुना फसफसून विरघळतो, वाळू तळाशी राहते. ती वाळू धुऊन कागदावर वाळवावी आणि गवंड्याला दाखवावी. नवी वाळू तशाच जाडीची आणि रंगाची मिळाली तर दुरुस्ती ठिगळासारखी दिसत नाही.

चुन्याची निवड हा नाजूक भाग. भिंती रंगवण्यासाठी दुकानात मिळणारी चुन्याची पुडी महिनोन्‌महिने पडून हवेने निकामी झालेली असू शकते. तिच्यात पकड राहत नाही. कळीचा चुना विरवून, पाण्याखाली निदान काही आठवडे मुरवून ठेवलेला उत्तम. विरवताना चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. पाणी उकळून उडते आणि डोळा जाऊ शकतो. मुलांना त्या अंगणातही फिरकू देऊ नये. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे साधारण प्रमाण. पाऊस फार असेल तिथे वाळूचा काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालतात. त्यामुळे ओल्या हवेतही चुना घट्ट होतो. आपल्याकडचे जुने कारागीर गूळ आणि हिरड्याचे पाणीही घालत. असा माहीतगार गवंडी मिळाला तर त्याच्याशी मजुरीसाठी घासाघीस करू नये, असा गवंडी आता सहज भेटत नाही.

शिडी लावून धुराड्यावर कोणी चढू नये. नीट परांची बांधून घ्यावी. घरातल्या हौशी पुरुषांनी खालूनच देखरेख करावी! जुना माल छिन्नी-हातोडीने काढायचा, विजेच्या ग्राइंडरने नाही. ग्राइंडर क्षणभर सुटला तरी विटेची कड कापली जाते. दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट, म्हणजे सर्वसाधारणपणे इंचभर खोल माल काढला पाहिजे. वरवर लिंपलेली दर्ज पहिल्याच हिवाळ्यात पोपड्यासारखी सुटते, आणि अंगावर काम घेतलेला कारागीर नेमकी इथेच चोरी करतो. म्हणून भरण्याआधी एकदा पट्टी घालून खोली मोजायला सांगावी.

मग धूळ झटकून फट पाण्याने भिजवावी. कोरडी वीट चुन्यातले पाणी पिऊन टाकते. माल एकदम न भरता पाव-पाव इंचाच्या थरांनी दाबून भरायचा. आधीचा थर अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका आवळला की पुढचा. शेवटचा थर विटेच्या कडेपासून किंचित आत ठेवावा, विटेवर माल पसरू देऊ नये. काम झाल्यावर ओले गोणपाट गुंडाळून निदान आठवडाभर पाणी मारत राहावे.

हिमालयात हे काम एप्रिल-मेमध्ये किंवा पाऊस सरल्या सरल्या करावे. चुना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषून हळूहळू कडक होतो. त्याआधी कडाक्याची थंडी पडली तर सारे काम वाया जाते. पारा 5 अंशांखाली जात असेल तर कामाला हातच घालू नये.

त्याच परांचीवरून धुराड्याच्या माथ्यावरची टोपी आणि छपराला टेकते तिथला पत्रा तपासून घ्यावा. वरून पाणी शिरत राहिले तर भरलेल्या दर्जा फार काळ टिकत नाहीत. शेकोटी कायमची बंद केली असेल, तरी धुराडे वरून-खालून पूर्ण बुजवू नये, आत हवा खेळती राहील अशी जाळी बसवावी. शेकोटी वापरात असेल तर महिनाभर विस्तव पेटवू नये. नंतरही पहिले तीन-चार दिवस चार काटक्यांचाच जाळ करावा आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी.