रेड अलर्ट आला, तर परळमधल्या घराने नेमकी काय तयारी करायची?

'मुंबईला रेड अलर्ट' असा मेसेज फोनवर आला की दोन प्रश्न पडतात: शाळा आहे का, लोकल सुरू आहे का? हिंदमाता आणि परळच्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक प्रश्न महत्त्वाचा असतो. आज भरती किती वाजता आहे?

रेड अलर्टमधून काय कळतं?

हवामान विभागाच्या व्याख्येनुसार 24 तासांत 204.4 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे 'अत्यंत मुसळधार'. पण हा पूर्ण दिवसाचा आकडा आहे. 200 मिलिमीटर पाऊस दिवसभर सारखा पडला, तर तासाला जेमतेम आठ मिलिमीटर होतो. त्यातला निम्मा दोनच तासांत पडला, तर चित्र पूर्ण बदलतं.

शिवाय इशारा अख्ख्या शहरासाठी असतो, पाऊस तसा पडत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझमध्ये 944 मिलिमीटर पाऊस झाला, तर त्याच दिवशी कुलाब्यात 75 मिलिमीटरही नाही.

हिंदमातालाच पाणी का तुंबतं?

हा भाग बशीसारखा खोलगट आहे. आजूबाजूचं पाणी इथे येतं आणि गटारांतून समुद्राकडे जातं. मुंबईची जुनी गटारं तासाला साधारण 25 मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती. 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात ही क्षमता 50 मिलिमीटरवर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. पण समुद्रात पाणी सोडणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या वेळी पाणी आपोआप बाहेर जात नाही, पंपाने फेकावं लागतं.

त्यासाठी 2016 मध्ये रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन सुरू झालं. नंतर दादरचं प्रमोद महाजन उद्यान आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली टाक्या बांधल्या गेल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी त्यांत साठवायचं, अशी ही योजना आहे.

मग आता धोका संपला का?

नाही. 26 मे 2025 ला मान्सून नेहमीच्या 11 जूनच्या कितीतरी आधी मुंबईत आला आणि हिंदमाताला पुन्हा पाणी भरलं. पंप वेळेत सुरू झाले नाहीत म्हणून महापालिकेने कंत्राटदारांना दंड केला. यंत्रणा असूनही ती सुरू होईपर्यंतचे काही तास घरालाच निभवावे लागतात.

घरात काय करायचं?

- भरतीचं वेळापत्रक पाहा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकत्र येणार असतील, तर त्याआधीच आवराआवर करा.
- रेशनकार्ड, आधार, घराची कागदपत्रं, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. गॅस सिलिंडर आणि मिक्सर उंचावर ठेवा. फ्रिजचा प्लग काढा.
- पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा. इमारतीची जमिनीखालची टाकी पुराच्या पाण्यात बुडाली, तर ती साफ होईपर्यंत तिचं पाणी पिऊ नका.
- पाणी उंबऱ्यापर्यंत यायच्या आत मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावू नका.
- आजी-आजोबा किंवा आजारी माणूस घरात असेल, तर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.
- मॅनहोलचं झाकण उघडून पाणी घालवू नका. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात एल्फिन्स्टन परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका ज्येष्ठ डॉक्टरांचा मृत्यू झाला होता.
- तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिस टाळणारं औषध ते ठरवतील.
- मदतीसाठी महापालिकेचा क्रमांक: 1916.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. मे 2025 चा अनुभव पाहता ही तयारी मे महिन्याच्या मध्यापर्यंत झालेली बरी.