जंगल तुटलं तर मलेरिया कमी होईल? गोंदियाचं पाणी वेगळंच सांगतं

मलेरियाची बातमी आली की एक वाक्य ठरलेलं असतं: जंगलाचा भाग आहे, डास जास्त, म्हणून ताप जास्त. मग जंगल कमी झालं की मलेरियाही कमी व्हायला हवा, नाही का? गोंदिया जिल्ह्यात हा हिशोब इतका सरळ नाही.

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हे तालुके जंगलाचे, तर वैनगंगेच्या बाजूला धानाच्या बांध्याच बांध्या. जंगल आणि धान, दोन्हीकडे पाणी आहे. पण पाण्याची जात वेगळी, म्हणून डासही वेगळा.

डास एक नाही, दोन आहेत

मलेरियाचा परजीवी ॲनाफिलीस डासाची मादी पसरवते, हे शाळेत शिकवतात. या डासाच्या कितीतरी जाती आहेत, हे बहुतेक वेळा राहून जातं. मध्य भारतात दोन महत्त्वाच्या.

पहिली फ्लुविएटिलिस. ही डोंगरउतारावरच्या, संथ वाहणाऱ्या स्वच्छ नाल्यांत वाढते. जंगलात आढळणारा तिचा प्रकार माणसालाच चावणं पसंत करतो. त्यामुळे संख्या थोडी असली तरी ती धोकादायक. तिचा जोर पावसाळा संपल्यावर, थंडीच्या सुरुवातीला असतो.

दुसरी क्युलिसिफेसिस. हिला मोकळं, ऊन लागणारं पाणी लागतं: बांधी, नहर, नदीतली डबकी, मुरूम काढून सोडलेले खड्डे. ही प्रामुख्याने गुरांना चावते आणि गोठ्यात विसावते. पण पावसाळ्यात तिची संख्या इतकी वाढते की त्यातल्या थोड्या माद्या माणसाकडे वळल्या तरी पुरे.

आता जंगल तोडून तिथे शेत झालं, तर काय होईल? नाल्यावरची सावली जाते, पाणी तापतं, प्रवाह अडतो. फ्लुविएटिलिसची जागा आटते आणि क्युलिसिफेसिसला नवं घर मिळतं. म्हणजे रोग जातोच असं नाही, त्याचा वाहक आणि हंगाम बदलतो.

जगातही एकच उत्तर नाही. ॲमेझॉनमध्ये जंगलतोडीच्या कडेला डार्लिंगी नावाचा डास वाढतो आणि मलेरियाही. याउलट थायलंडमधला डायरस डास दाट सावलीतला, जंगल गेलं की तोही कमी होतो.

रोवणीचे दिवस

धान म्हणजे वर्षभर डास, असंही नाही. रोवणी झाल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे, कारण तेव्हा पाणी उघडं असतं. रोप वाढून पाण्यावर सावली धरली की क्युलिसिफेसिसच्या अळ्या कमी होतात. खरिपानंतर बांध्या कोरड्या पडत, तिथे इटियाडोह किंवा बाघ प्रकल्पाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेतलं की रोवणीचे हे दिवस वर्षातून दोनदा येतात.

यावर एक उपाय कीटकशास्त्रज्ञ फार पूर्वीपासून सांगतात. अंड्यापासून डास व्हायला उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. मधेच बांधी दोन-तीन दिवस सुकू दिली तर अळ्या मरतात, पाणीही वाचतं. पण नहरीचं पाणी पाळीने मिळतं. पुढची पाळी वेळेवर येईल याचा भरवसा नसताना कोणता शेतकरी हातातलं पाणी सोडून देईल?

मालगुजारी तलावांचंही तसंच. मासे असलेला, काठ साफ ठेवलेला तलाव डासांना फारसा मानवत नाही. बेशरम आणि पाणवनस्पती माजलेला, गाळाने उथळ झालेला तलाव मानवतो. हे तलाव 1950च्या कायद्यानंतर मालगुजारांकडून सरकारकडे गेले आणि अनेक ठिकाणी देखभालीची जुनी व्यवस्था मोडली.

शहराकडे वळलं की परजीवीच बदलतो. तुंबलेल्या नाल्या आणि उघड्या शौचटाक्यांत क्युलेक्स डास वाढतो, आणि तो हत्तीरोग पसरवतो. गोंदिया हा हत्तीरोगप्रवण जिल्हाही आहे.

फवारणी कुठे पोहोचत नाही?

घरातली फवारणी घरात विसावणाऱ्या डासाला मारते. गोठा सोडला तर क्युलिसिफेसिस निसटते, आणि डीडीटीला तर ती केव्हाच सरावली आहे. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला गेलेली, राखणीसाठी शेतात झोपणारी माणसं त्या भिंतींच्या आत नसतातच. फॅल्सिपेरम मलेरियात उपचाराला एक-दोन दिवसांचा उशीरही मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून तिथे आशा कार्यकर्तीकडची तपासणीची पट्टी आणि गोळ्या फवारणीपेक्षा जास्त कामाच्या.

देशातून 2030 पर्यंत मलेरिया संपवायचं उद्दिष्ट आहे. पण नहरीला पाणी कधी सोडायचं हे पाटबंधारे विभाग ठरवतो, जंगलाचा निर्णय वन विभाग घेतो, मुरुमाचा खड्डा रस्त्याचा ठेकेदार सोडून जातो. जिल्हा हिवताप कार्यालयाच्या हाती त्यानंतर उरतात फवारणी, मच्छरदाण्या, गप्पी मासे आणि रक्ताचे नमुने.