मोटारीचाहि फेरफार पाहिला पाहिजे

पूर्वीं ज्या वाड्यापुढें खिल्लारी बैलांची दमणी सुटलेली दिसे, त्याच वाड्यापुढें आज मोटार उभी दिसते. बाजार समिती, बँक, दवाखाना, मुलांचें कॉलेज, सोयरीक, लग्नकार्य या सर्व कामांस ती लागते. म्हणून मोटार ही चैन आहे असें म्हणून नाक मुरडण्यांत आतां अर्थ उरलेला नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. मोटार घ्यावी कीं न घ्यावी हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु ज्या दक्षतेनें आपण जमीन घेतों त्या दक्षतेनें मोटार घेत नाहीं, आणि या एका चुकीपायीं शहाणीं माणसेंहि अडचणींत येतात, हें वाचकांच्या नजरेस आणावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

शेतकरी बैल घेतो तेव्हां दांत पाहतो, खांदा पाहतो, जुंपून पाहतो. जमीन घेतो तेव्हां सातबारा काढतो, मागील फेरफार चाळतो, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे काय हें पाहतो, चतुःसीमा फिरून येतो, आणि खरेदीखत झाल्यावर आपलें नांव लागेपर्यंत चावडीच्या खेपा सोडीत नाहीं. तोच शेतकरी चार-पांच लाखांची जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे रंग पाहतो, गादी चाचपून पाहतो, गाणें वाजवून पाहतो, मुद्रांकावर दोन ओळी लिहून घेतो आणि किल्ली खिशांत घालून गांवीं येतो. पुस्तकावर नांव कोणाचें आहे तें पुढें पाहूं, असें म्हणतो. आणि तें 'पुढें' बहुधा कधींच येत नाहीं.

नव्या मोटारीच्या बाबतींत हा धोका थोडा आहे, कारण नोंदणीचें काम विक्रेताच करून देतो. तेथें चूक होते ती हिशेबांत. जाहिरातींतील किंमत ही दारांत येणारी किंमत नव्हे. महाराष्ट्रांत व्यक्तीच्या नांवें घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीस ११ टक्के व डिझेल मोटारीस १३ टक्के एकरकमी कर पडतो. म्हणजे ८ लाखांच्या मोटारीवर अनुक्रमें ८८ हजार व १ लाख ४ हजार. विमा त्याहून निराळा. हप्त्यांचेंहि तसेंच आहे. ६ लाखांचें कर्ज दरसाल ९ टक्क्यांनीं सात वर्षांत फेडावयाचें म्हटलें तर महिना सुमारें ९,६५० रुपये पडतात, आणि नुसतें व्याजच सुमारें २ लाख ११ हजार होतें. तेंच तीन वर्षांत फेडलें तर हप्ता सुमारें १९,०८० रुपयांचा, परंतु व्याज ८७ हजारांच्या आंत. नोकरदाराचा पगार महिन्यास येतो. आपला पैसा ऊस तुटल्यावर, कांदा विकल्यावर, सोयाबीन मळल्यावर येतो. म्हणून ज्यास आंखूड मुदतीचा हप्ता जड जातो त्यानें मुदत लांबवूं नये, मोटार लहान घ्यावी. ज्याचें फिरणें थोडें त्यानें डिझेलचा आग्रह धरूं नये; त्या मोटारीची मूळची जादा किंमत व जादा कर इंधनाच्या बचतींत भरून निघण्यास फार धांव व्हावी लागते.

परंतु आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण जुनी मोटारच घेतात, आणि खरी दक्षता तेथेंच हवी. जुनी मोटार पाहावयास गेल्यावर प्रथम मोटार पाहूं नये, तिचें पुस्तक पाहावें. हें पुस्तक, म्हणजे नोंदणीचें प्रमाणपत्र, आज प्लास्टिकच्या कार्डाच्या रूपानें मिळतें. मोटारीचा सातबारा तो हाच. त्यावर जें नांव आहे तोच मनुष्य आपल्यासमोर विकावयास उभा आहे काय, हा पहिला प्रश्न. पुस्तकावरचा चेसिस नंबर व इंजिन नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबराशीं अक्षरशः जुळतो काय, हा दुसरा. मोटारीवर बँकेचें किंवा पतसंस्थेचें कर्ज असल्यास त्याची नोंद पुस्तकांत असते. हा इतर हक्कांतला बोजा होय. "कर्ज केव्हांच फिटलें" या तोंडी सांगण्यावर विसंबूं नये. कर्ज देणाऱ्या संस्थेचा दाखला व तिनें सही केलेला नमुना ३५ हातीं आल्यावांचून हा बोजा उतरत नाहीं. सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर किंवा 'एमपरिवहन' या ॲपवर मोटारीचा क्रमांक घातला असतां नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत इत्यादि तपशील घरबसल्या दिसतो. दंडाचीं थकलेलीं चलानें किती आहेत हेंहि तपासतां येतें. ज्याला हें जमत नाहीं त्यानें घरांतील शिकत्या मुलास पांच मिनिटें बसवावें.

वयाकडेहि पाहावें. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते. पुढें तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं ती वाढवून घ्यावी लागते. १२ वर्षांची मोटार स्वस्त वाटली तरी तीन वर्षांनीं हा खर्च आपल्याच माथीं येणार हें ध्यानांत ठेवावें. परप्रांतांतली मोटार स्वस्त मिळते म्हणून भुलूं नये. दिल्ली परिसरांत १० वर्षांवरील डिझेल मोटारींवर २०१५ सालीं हरित लवादानें बंदी घातली, तेव्हांपासून तिकडील मोटारी इतर राज्यांत विकावयास येऊं लागल्या. अशा मोटारीस तेथील कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो, ती येथें बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि येथला कर निराळा भरावा लागतो. हें सर्व मिळवून मग किंमत स्वस्त कीं महाग तें ठरवावें.

कागद स्वच्छ निघाल्यावर मोटारीस हात लावावा. इंजिन थंड असतांना स्वतः चालू करून पाहावें. विक्रेत्यानें आधींच गरम करून ठेविलें असेल तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं जावें. निळा धूर निघाला तर इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. कांट्यावर ४० हजार किलोमीटर आणि पायाखालचें रबर मात्र झिजून गुळगुळीत, असें दिसलें तर कांटा मागें फिरविला असावा. टायरच्या बाजूस चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे, त्यावरून टायरचें वय कळतें. २०१९ सालीं सांगली-कोल्हापुरास आणि २०२१ सालीं चिपळूण-महाडास पूर आले. पाणी शिरलेली मोटार धुऊन-पुसून नवी दिसते, परंतु तिच्या विजेच्या तारा पुढें वर्षभर त्रास देतात. म्हणून गादीखालचा गालिचा उचलून पाहावा, कमरपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. गाळ व कुबट वास तेथें लपून राहतो. आणि मोटार विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे, तर आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून खालून तपासून घ्यावी. त्याचे चारपांचशें रुपये वांचवूं नयेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, कांहीं अपवाद सोडल्यास, ज्याच्या नांवें नोंदणी तो मालक. त्याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणें, मोटार त्याच राज्यांत विकली असतां विकणारानें १४ दिवसांत नोंदणी कार्यालयास कळविलें पाहिजे व घेणारानें ३० दिवसांत आपलें नांव लावून घेण्यासाठीं अर्ज केला पाहिजे. नमुना २९ व नमुना ३० हे त्याचेच अर्ज. पुष्कळांस हें माहीत असतें. परंतु न केल्यास काय होतें हें माहीत नसतें. एक खटला सांगतों. पंजाब-हरियाणाकडील एका मनुष्यानें आपली मोटार २००७ सालीं विकली, परंतु पुस्तकावर नांव त्याचेंच राहिलें. मोटार पुढें हातोहात आणखी विकली गेली. २००९ सालीं तिच्याखाली सांपडून एक लहान मुलगा मरण पावला. मोटारीस विमा नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं निकाल लागला कीं, पुस्तकावर ज्याचें नांव तोच मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्या मोटारीच्या किल्ल्या त्यानें दोन वर्षांपूर्वीं दुसऱ्याच्या हातीं दिल्या होत्या, तिचा भार त्याच्या माथीं आला. कोर्टानें असें कां ठरविलें याचाहि विचार करावा. ज्याचें पोर गेलें त्या बापानें पांच हातांतून फिरलेली मोटार कोणाकोणाची, हें शोधीत कोठवर हिंडावें? त्याला सांपडतें तें नोंदणींतलें नांव.

येथें आमची स्वतःची गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो, तरी सांगतों. आम्हीं महसूल खात्यांत जन्मभर कारकुनी केली. शेंकडों लोकांस "नोंद करून घ्या, तोंडी व्यवहार खरा नव्हे" असें बजावलें. आणि आमची पहिली मोटार विकतांना मात्र, घेणारा ओळखीतला म्हणून, मुद्रांकावर सही घेऊन स्वस्थ बसलों. पुढें दोन वर्षें दूरच्या तालुक्यांतून दंडाचीं चलानें आमच्या नांवें येऊं लागलीं. चौकशी केली तों तो गृहस्थ मोटार दुसऱ्यास विकून मोकळा झालेला, आणि विमा केव्हांच संपलेला. तो काळ आम्हीं कसा काढला तें आम्हांसच ठाऊक. रात्रीं फोन वाजला तरी छातींत धस्स होई. त्या अवधींत अपघात झाला नाहीं हें दैव, आमचें शहाणपण नव्हे. नवा मालक शोधून नोंद फिरविण्यास आम्हांस सात महिने लागले.

यावर कांहीं मंडळी म्हणतात कीं, व्यवहार विश्वासावर चालतो; ओळखीच्या माणसाजवळ कागद मागणें बरें दिसत नाहीं. आमचें उत्तर असें कीं, सख्ख्या भावांच्या वांटणीचीहि आपण नोंद करतों, तेव्हां त्यांत अविश्वास नसतो. नोंद ही विश्वासाच्या विरुद्ध नाहीं. मनुष्य उद्यां असो नसो, विश्वास टिकावा म्हणूनच ती असते. दुसरे म्हणतात, जिल्ह्याच्या कार्यालयास खेपा कोण घालणार, दलालास पैसे कोण देणार? ही अडचण खरी आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणीं ठराविक दिवशीं हें काम व्हावें अशी मागणी करण्यास जागा आहे. परंतु अडचण आहे म्हणून नोंदच करावयाची नाहीं, हा न्याय आपण जमिनीस लावीत नाहीं. मग मोटारीस कां लावावा?

म्हणून आमची सूचना अशी. विसार देतांनाच नमुना २९ व ३० वर दोघांच्या सह्या घ्याव्या. किंमतीचा कांहीं भाग पुस्तकावर नांव चढेपर्यंत राखून ठेवावा, आणि तें विकणारानेंहि मान्य करावें, कारण त्यांत त्याचेंच हित अधिक आहे. ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनीं एक-एक प्रत ठेवावी. विमा चौदा दिवसांच्या आंत घेणाराच्या नांवें करून घ्यावा. त्रयस्थाची हानि भरून देणारा विमा मोटारीबरोबर जातो असें कायदा मानतो, परंतु आपल्या मोटारीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाहीं. मोटार व्यापाऱ्याच्या हातीं द्यावयाची असेल तर तो अधिकृत आहे काय हें विचारावें. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें अशा व्यापाऱ्याकडे ताबा दिल्याची सूचना नोंदणी कार्यालयास देतां येते, आणि मग मधल्या काळाची जबाबदारी त्याच्यावर जाते.

ज्या वाचकांनीं मागें मोटार, जीप किंवा फटफटी विकली असेल, त्यांनीं हा अंक बाजूस ठेवून आजच तिचा क्रमांक तपासावा. नांव आपलेंच निघालें तर घेणाऱ्यास उद्यां गांठावें. सातबाऱ्यावरून आपलें नांव चुकून गेलें तर आपण रात्रभर झोंपत नाहीं. मोटारीच्या पुस्तकावर तें चुकून राहिलें तरी तितकीच झोंप उडावयास पाहिजे.