लपविलेली तहान

साताऱ्याहून एका वाचक भगिनींनी विचारले आहे : मुलगा ॲडलेडला असतो. यंदा तो आम्हा उभयतांना मोटारीने ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात, पार उलुरूच्या तांबड्या खडकापर्यंत नेणार म्हणतो. माझे वय ६९, यजमानांचे ७४. जावे की न जावे?

उत्तर आधीच देऊन टाकतो : अवश्य जावे. परंतु हा सल्ला मी केवळ पुस्तकी ज्ञानावर देत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मी, सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई आणि दहा वर्षांचा नातू असे पाच जण त्याच वाटेने गेलो होतो. चाळीस वर्षे वैद्यकी केलेल्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या नकळत, एक चूक तेथे घडत गेली. ती सांगितल्यावाचून माझा सल्ला पुरा व्हायचा नाही.

प्रथम अंतरांची कल्पना यावी. ॲडलेडहून तीनशे किलोमीटरांवर पोर्ट ऑगस्टा लागते. तेथून उत्तरेकडे थेट डार्विनपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला, १८६१-६२ मध्ये हे खंड पायी-घोड्यावर ओलांडणाऱ्या जॉन मॅक्डूअल स्टुअर्ट यांचे नाव आहे. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी हे अंतर सुमारे ५४० किलोमीटर, आणि त्यातही ग्लेनडॅम्बो सोडल्यावर अडीचशे किलोमीटर पेट्रोलचा पंप नाही. पुण्याहून सोलापूरला निघावे आणि वाटेत चहाची एक टपरीही लागू नये, तसे ते आहे. दोन्ही बाजूंना सपाट तांबडी माती आणि गुडघाभर उंचीची करडी झुडपे. दृश्य भव्य खरेच; पण त्या भव्यतेत आडोसा म्हणून कोठेही नाही, ही गोष्ट त्या गाडीत एकाच व्यक्तीच्या ध्यानात आली होती.

कूबर पेडीला आम्ही जमिनीखाली मुक्काम केला. १९१५ साली येथे ओपल रत्ने सापडली, आणि उन्हाळ्याच्या तापापासून सुटका म्हणून खाणकामगारांनी डोंगर कोरून घरे केली. आत बारमाही सुखद गारवा असतो. मात्र दिवा मालवला की तेथे जो अंधार होतो, तो आपण शहरवासीयांनी पाहिलेला नसतो. रात्री उठावे लागणाऱ्यांनी विजेरी उशाशीच ठेवावी. मी ठेवली नव्हती आणि भिंत चाचपीत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. हवा छान थंड. आपल्याकडे जुलै म्हणजे पावसाळा, तिकडे तो हिवाळा. दुपारीही अंगाला घाम नाही. दोन-अडीच तासांनी मार्ला नावाच्या वस्तीवर पेट्रोलसाठी थांबलो. वस्ती शंभर माणसांच्याही आतली. सौभाग्यवती गाडीतून उतरल्या, दोन पावले चालल्या, आणि दाराला धरून तशाच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. “काही नाही, जरा गरगरलं,” एवढेच म्हणाल्या.

रक्तदाबाचे यंत्र बरोबर होते. बसून वरचा आकडा १२४, उभे केल्यावर ९६. वीसहून अधिक उतार म्हणजे गाफील राहण्याजोगी गोष्ट नव्हे. जीभ कोरडी पडलेली. मार्ला येथे ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’चे छोटे आरोग्यकेंद्र आहे, तेथील परिचारिकेने त्यांना निजविले, रक्तातील साखर पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : आज सकाळपासून पाणी किती प्यायलात?

उत्तर होते, अर्धा कप चहा. आदल्या दिवशीही संध्याकाळपर्यंत जेमतेम एक पेला. रक्तदाबाची गोळी आणि लघवी होण्याची गोळी मात्र दोन्ही दिवस वेळेवर घेतलेल्या! शरीरातून पाणी बाहेर जात होते आणि आत येत नव्हते. क्षार-साखरेचे पाणी घोट घोट पाजल्यावर तासाभरात त्या सावरल्या. मग मी जरा रागावूनच विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो, तुमचं बरं आहे, तुम्ही कुठेही उभे राहता. मी कुठे जाऊ? आणि दर तासाला गाडी थांबव म्हणून पोराला कसं सांगू?”

यावर मजजवळ उत्तर नव्हते. वय वाढते तसतशी तहानेची जाणीव मंद होते, हे मी रुग्णांना शेकडो वेळा सांगितले असेन. परंतु लागलेली तहानही बायका संकोचापोटी लपवितात, हे मला घरच्याच माणसाने त्या परक्या मुलुखात शिकविले. पुरुषांनाही हे लागू आहे; प्रोस्टेटचा त्रास असलेले कित्येक आजोबा प्रवासाच्या दिवशी असेच ‘उपाशी’ राहतात.

उपाय काढला तो सूनबाईंनी, आणि औषधाहून तो गुणकारी ठरला. दर तास-सव्वा तासाला त्या स्वतःच म्हणत, “अहो, जरा थांबवा, मला उतरायचंय.” विश्रांतिस्थानावर स्वच्छतागृह असले तर उत्तमच, नसले तर रस्त्यापासून दूर गाडी घ्यायची, रस्त्याच्या उलट बाजूची दोन्ही दारे उघडायची आणि त्यांच्यावर चादर टाकायची. झाली खोली. गुडघ्यांमुळे उकिडवे बसता येत नाही, म्हणून पुढच्या गावी घडीची कमोडखुर्ची मिळते का पाहिले, मिळाली नाही. तुम्ही ती ॲडलेडहूनच घेऊन निघा. नातवाने आजीच्या बाटलीवर पेनाने रेघा मारल्या आणि तिचा पहारेकरी झाला.

हे थांबणे दुसऱ्याही कारणाने हिताचे. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. म्हणून उतरावे, पाच मिनिटे चालावे, आणि गाडीत बसल्या बसल्या घोटे वरखाली करीत राहावे.

औषधांविषयी थोडे. लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी या लेखावरून प्रमाण वाढवू नये. इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवू नये. हिवाळ्यातही काचांमागे गाडी तापते. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. तीन महिन्यांपुरतीच नेता येतात. आणि प्रवासी विमा काढावाच, कारण तिकडील सरकारी वैद्यकीय योजना भारतीय पाहुण्यांना लागू नाही.

मदत मुळीच मिळत नाही असे मात्र समजू नका. विमानाने डॉक्टर पाठविण्याची ही सेवा जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाने १९२८ मध्ये क्लोनकरी येथून सुरू केली. पायाने पेडल मारून वीज निर्माण करणाऱ्या बिनतारी संचावरून तेव्हा दूरच्या वाड्यांतून हाक येई. दुर्गम ठिकाणी आजही या सेवेच्या औषधपेट्या असतात. प्रत्येक औषधाला क्रमांक, आणि डॉक्टर दुरून सांगतात : अमुक क्रमांकाचे द्या. पण लांब पल्ल्यांत मोबाइलला संपर्क नसतो, म्हणून उपग्रह दूरध्वनी भाड्याने घ्यावा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नये. कांगारू नेमके त्याच वेळी रस्त्यावर येतात.

उलुरूला पोहोचलो. खडकाभोवतीची फेरी दहा किलोमीटरांची, ती आम्हाला झेपणारी नव्हतीच. वर चढणे २०१९ पासून बंद आहे. अनंगू लोकांसाठी ते पवित्र स्थान आहे, त्यामुळे त्याची रुखरुखही नाही. मुटिजुलूच्या पाणवठ्यापर्यंत जाऊन-येऊन एक किलोमीटरची सपाट वाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालेल अशी. तेथल्या गारव्यात सौभाग्यवती बराच वेळ बसल्या होत्या.

परतीला आम्ही दोघे तेथूनच विमानाने निघालो. जाताना मोटार, येताना विमान, हीच विभागणी मी साताऱ्याच्या भगिनींना सुचवीन. सौभाग्यवतींना मात्र हे आजही मान्य नाही. त्यांना मोटारीनेच परत यायचे होते; चादर होती, सून होती, मग अडचण कसली, असे त्या विचारतात.