मधे काही घालायचं नाही म्हणे!

मुक्काम तंजावूर.

घरी स्पीकर बांधणाऱ्यांमध्ये एक पंथ आहे. फुल-रेंजचा एकच ड्रायव्हर, एक प्लायवूडची पेटी आणि अँप्लिफायरपासून ड्रायव्हरपर्यंत नुसती तार. मधे कॉइल नको, कपॅसिटर नको, रेझिस्टर तर नकोच. घातला की म्हणे आवाजाचा आत्मा जातो. निवृत्त झालेल्या आमच्या बऱ्याच फौजी मित्रांना हा छंद लागलाय आणि छंदाबरोबर पंथाची दीक्षाही मिळाली आहे. त्यांच्या बैठकीत वीस मिनिटं बसलं की डोकं धरतं. तार षड्ज सुईसारखा कानात शिरतो, प्रत्येक 'स' फुसकारतो, हार्मोनियम पत्र्याची वाटते. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "हे डिटेल आहे, तुला सवय नाही. शंभर तास वाजू दे, मोकळा होईल."

होत नाही. शंभर तासांत कान निबर होतो, ड्रायव्हर जवळपास होता तसाच राहतो.

हा कर्कशपणा डिटेल नव्हे. कागदी कोन खालच्या स्वरांना अख्खा पुढेमागे हलतो. दोन-तीन किलोहर्ट्झच्या वर गेलं की तो एकसंध हलत नाही, त्याचे भाग आपापले थरथरू लागतात आणि तिथे आवाजाला टेंगूळ येतं. नेमकी तिथेच आपल्या कानाची नळी, जेमतेम अडीच सेंटिमीटरची, स्वतः घुमते. म्हणजे जिथे ड्रायव्हर ओरडतो तिथेच कान सर्वांत तिखट. त्यात पेटीची भर. पाव मीटर रुंदीच्या पेटीत साधारण साडेचारशे हर्ट्झच्या खालचा आवाज पुढे न येता पेटीला वळसा घालून मागे पसरतो आणि मोकळ्या जागेत 6 डेसिबलपर्यंत घटतो. खालचं गेलं की वरचं आणखी बोचतं. पेटीत कितीही कापूस कोंबा, कोनाचं टेंगूळ कोनावरच राहतं. आणि महागडी तार? तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

रेडिओ सेटवर असा उभार चालतो, नव्हे हवाच. व्यंजनं दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये राहतात आणि आदेश कळला नाही तर माणूस जातो. देवळावरच्या भोंग्याचंही तेच, त्याला चार गल्ल्यांपलीकडे पोचायचं असतं. पण घरात बसून वीणा ऐकायची तर संदेशवहनाचा नियम कशाला?

वीणेवरून आठवलं. हा 'मधे काही नको'चा हट्ट या गावात फारच केविलवाणा वाटतो. तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची. तिचे 24 पितळी पडदे मेणाच्या थरात बसवतात आणि कानाने ऐकत जागेवर आणतात. व्हायोलिन युरोपातून आलं तेव्हा इथल्या वादकांनी ते मांडी घालून पायावर टेकवलं आणि तारांची जुळणीच बदलून टाकली. कारखान्यातून आलं तेच पवित्र, असं कोणाला वाटलं नाही.

आणि मृदंगम्! नुसतं ताणलेलं कातडं बेसूर असतं, त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येत नाहीत. म्हणून उजव्या तोंडावर भात आणि काळ्या दगडाची पूड घोटून थरावर थर चढवतात. आपल्या तबल्याची शाई तीच. डाव्या तोंडाला मैफिलीआधी ओला रवा लावतात आणि नंतर खरवडून काढतात. आपल्या पखवाजाला वारकरी कणीक लावतात, तसंच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली आणि पुन्हा 1934 साली याचं भौतिकशास्त्र मांडलं: त्या शाईच्या वजनामुळे कातड्याची पहिली नऊ कंपनं पाच सुरेल स्वरांत बसतात. कोन आणि कातडं एक नव्हे, हे मलाही कळतं. पण कंप पावणारी वस्तू तशीच सोडली की ती खरं बोलते, ही समजूत या वाद्यांनी केव्हाच खोटी पाडली आहे. शाई पुसून टाकली तर मृदंगम् 'शुद्ध' होईल का?

आता माझ्या रागाचं खरं कारण. आपल्यापैकी बहुतेकांचे कान शाबूत नाहीत. रायफलचा बार कानापाशी 150 डेसिबलच्या वर जातो आणि अशा आवाजाने पहिली खोक पडते ती 4 किलोहर्ट्झच्या आसपास. मग स्पीकर जुळवणारा फौजी काय करतो? त्याला तिथलं कमी ऐकू येतं, म्हणून तो तिथलंच वाढवतो किंवा आहे ते टेंगूळ छान म्हणतो. बायको स्वयंपाकघरात जाऊन बसते, मुलगी हेडफोन लावते, आणि हा म्हणतो घरात कोणाला संगीताची आवड नाही! शिवाय अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा एकदम झोंबतो. त्याचा त्रास पुढे त्यालाच होतो. तोफखान्यातल्या मित्रांनो, आधी ऑडिओग्राम काढा, मग ड्रायव्हर घ्या. आणि शेवटचा निर्णय घरातल्या सर्वांत तरुण कानावर सोडा. हुकूम नाही, विनंती आहे.

उपाय फुकटापासून सुरू होतो. पेट्या कानावर रोखू नका, पंधरा-वीस अंश बाहेर वळवा. टेंगूळ बहुधा समोरच सर्वांत उंच असतं. पेट्या भिंतीच्या जवळ सरकवा, गेलेला खर्ज थोडा परत येतो. फोनवरून वाजवत असाल तर इक्वलायझरने 3 किलोहर्ट्झच्या आसपास चार-पाच डेसिबल उतरवून ऐका. बरं वाटलं, तर तेच तारेत करा: 0.33 मिलिहेन्रीची कॉइल, 6.8 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि 6 ओहमचा रेझिस्टर, तिन्ही एकमेकांना समांतर, आणि हा जुडगा 8 ओहमच्या ड्रायव्हरच्या धन तारेत. साधारण 3.4 किलोहर्ट्झला 5 डेसिबलच्या आसपास उतार मिळतो. तुमचं टेंगूळ दुसरीकडे असेल तर आधी मोजा आणि मग आकडे बदला. उतार जास्त वाटला तर रेझिस्टर 4 ओहमचा लावा, कमी वाटला तर 8 चा.

कॉइल हवेच्या गाभ्याची घ्या. रेझिस्टर 10 वॉटचा घ्या आणि पेटीच्या कापसापासून लांब बसवा, तापतो.