आवडीचे नामनिर्देशन

माणसाच्या मालमत्तेची नोंद कुठे ना कुठे असतेच. शेतीची सात-बारावर, ठेवींची पासबुकात, विम्याची पॉलिसीत आणि दागिन्यांची गृहिणीच्या स्मरणात. मात्र ज्या एका गोष्टीवर माणसाने आयुष्यातील हजारो तास खर्च केलेले असतात, त्या त्याच्या आवडीची नोंद सहसा कुठेच आढळत नाही. कोणते गाणे लागले की हातातील वर्तमानपत्र आपोआप खाली येते, कोणता चित्रपट दहाव्यांदा दाखवला तरी जेवणाचे ताट घेऊन दूरचित्रवाणी संचासमोर बसावेसे वाटते, ही माहिती ना प्राप्तिकराच्या विवरणपत्रात असते, ना मृत्युपत्रात.

एका घरात माळा आवरण्याचे काम निघाले. वडिलांना जाऊन वर्ष होत आले होते. बँकेतील कामे केव्हाच उरकली होती. त्यांनी वेळेवर नामनिर्देशन केलेले असल्याने ठेवींची रक्कम विनासायास हाती आली होती. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात एक ६० मिनिटांची कॅसेट निघाली. आतील कागदावर वडिलांच्या बारीक, तिरक्या अक्षरात सोळा गाण्यांची यादी होती. काही मराठी भावगीते, काही हिंदी चित्रपटगीते आणि मध्येच एक कव्वाली. मुलीला नवल वाटले ते कव्वालीचे. बातम्या संपल्या की रेडिओ बंद करणारे गृहस्थ, असा ज्यांचा घरात लौकिक, त्यांना कव्वाली आवडत होती, हे तिला तीस वर्षांत कळले नव्हते. ठेवींचा हिशेब पैशापर्यंत जुळला होता. वडिलांचा मात्र जुळेना.

वास्तविक ज्या पिढीत ते वाढले, त्या पिढीची आवड ही गुपचूप जपण्याची गोष्ट नव्हती. घरात एकच रेडिओ असे. त्याचा परवाना काढावा लागे व दरवर्षी टपाल कचेरीत शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. परवाना घरच्या कर्त्याच्या नावाचा असला, तरी आवाज साऱ्या आळीचा असे. त्यामुळे कोणाच्या घरी काय ऐकले जाते, हे शेजाऱ्यांनाही पाठ असे.

ही आवड वरून लादता येत नाही, याचा धडा खुद्द सरकारलाही एकदा मिळाला होता. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनःपूर्वक आस्था होती आणि चित्रपटसंगीताविषयी तितकीच नाराजी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी फक्त रेडिओची खुंटी फिरवली आणि काटा सिलोनवर आणून ठेवला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोत्यांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम ठरू लागला आणि अमीन सयानी यांच्या आवाजाने बुधवारची संध्याकाळ बांधून टाकली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’चा जन्म झाला आणि हद्दपार झालेली गाणी सन्मानाने घरी परतली. ग्राहक न बोलता खाते दुसरीकडे हलवतो, हे सत्य बँकांच्या आधी नभोवाणीने अनुभवले, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे आला फर्माइशींचा काळ. अभ्रकाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तिलैया हे आजच्या झारखंडमधील गाव देशाला ठाऊक झाले, ते तेथून येणाऱ्या पोस्टकार्डांमुळे. गाण्याच्या आधी निवेदक फर्माइश करणाऱ्यांची नावे वाचत, आणि गाण्याइतकीच ती नावेही ऐकली जात. मराठी श्रोत्यांसाठी आकाशवाणीवर ‘आपली आवड’ होती, तर सीमेवरील जवानांसाठी विविध भारतीवर ‘जयमाला’. कुठल्याशा छावणीतील जवानाला जे गाणे ऐकावेसे वाटले, तेच गाणे त्याच क्षणी सांगलीतील एखादी गृहिणी भाकरी थापताना ऐकत असे. तिची पसंती कोणी विचारलेली नसे. तरीही चार दिवसांनी तेच गाणे ती गुणगुणत असे.

त्या व्यवस्थेचा खरा लाभ इथेच होता. आपले गाणे लागेपर्यंत दुसऱ्याची पाच गाणी ऐकावी लागत. त्यांतील दोन कंटाळवाणी वाटत, दोन सुसह्य वाटत आणि एखादे कायमचे मनात घर करी. दुसऱ्याच्या आवडीवर मिळालेले हे बिनमागणीचे व्याजच म्हणावयाचे.

कॅसेट आली आणि निवड प्रथमच श्रोत्याच्या हाती आली. परंतु तीही मोजूनमापून. एका बाजूस ३० मिनिटे, म्हणजे जेमतेम आठ गाणी. दुकानदाराकडे यादी द्यावयाची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणावयाची, अशी रीत होती. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार कितपत निर्दोष होता, हा प्रश्न वेगळा. मात्र सोळा गाण्यांच्या त्या अंदाजपत्रकात एक गाणे घालावयाचे तर दुसरे वगळावे लागे. अशा यादीत स्थान मिळालेले गाणे सहज आवडलेले नसे. ते पारखून घेतलेले असे. फीत गुंतली तर पेन्सिल घालून ती हळुवारपणे गुंडाळण्याइतकी त्याची किंमत असे.

आज परिस्थिती अगदी उलट आहे. २०१६नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि गाण्यांचे भांडार खिशात आले. मोठ्या संगीत-सेवांवर आज दहा कोटींहून अधिक ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. सरासरी चार मिनिटांचे एक गाणे धरले, तर ती सारी एकदा ऐकण्यास, अहोरात्र कान देऊनही, साडेसातशे वर्षांहून अधिक काळ लागेल. एवढी श्रीमंती लाभलेला श्रोता प्रत्यक्षात करतो काय? तो मागील आठवड्यात ऐकलेलीच गाणी पुन्हा ऐकतो. उरलेले काम यंत्र पाहते. ‘तुम्हाला हे आवडले, तर तेही आवडेल’ असे ते नम्रपणे सुचवते आणि बहुधा त्याचे म्हणणे खरे ठरते. अडचण आहे ती त्या खरे ठरण्यातच. भावगीते ऐकणाऱ्यास ते भावगीतांचीच वाट दाखवते. कव्वाली त्याच्या वाटेत येण्याचा संभव कमी होतो.

एकाच मोटारीतून सहलीस निघालेल्या चौकोनी कुटुंबाच्या कानांत आज चार वेगवेगळी गाणी चालू असतात. भांडण नाही, तडजोड नाही, आणि ‘हे काय लावले आहे?’ हा सनातन प्रश्नही नाही. घाट चढून उतरेपर्यंत गाडीत शांतता नांदते. ही शांतता सुखाची खरी. पण वडील काय ऐकत होते हे मुलाला कळत नाही आणि मुलगी काय ऐकत होती हे आईला कळत नाही.

यावर कोणी म्हणेल, की जुने दिवस एवढे सोनेरी नव्हते. ते खरेच आहे. रेडिओची खुंटी बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या हाती असे आणि ती व्यक्ती क्वचितच स्त्री असे. सुनेला नाट्यगीत आवडते की पाश्चात्त्य धाटणीचे गाणे, याची चौकशी फार थोड्या सासऱ्यांनी केली असेल. आज तीच सून स्वयंपाक करताना कानाला लावून हवे ते ऐकू शकते, हे स्वातंत्र्य लहान नाही. कॅसेटचे दिवस परत यावेत अशी इच्छा, पेन्सिलने फीत गुंडाळण्याचा अनुभव असलेला कोणीही सुज्ञ मनुष्य करणार नाही. प्रश्न स्वातंत्र्य सोडण्याचा नाही. त्याची थोडी नोंद मागे ठेवण्याचा आहे.

या बाबतीत बँकेचा एक साधा अर्ज मार्गदर्शक ठरावा. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेव खात्यावर एकाऐवजी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. हा अर्ज भरण्यास पाच मिनिटे पुरतात, तरी तो भरण्याचे कित्येक जण वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. नामनिर्देशनाचे एक वैशिष्ट्य मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही. वारसांच्या वतीने ती रक्कम स्वीकारणारी ती विश्वस्त असते.

आवडीचेही असेच नामनिर्देशन करता आले तर काय हरकत आहे? आजीच्या आवडीची सोळा गाणी नातवाने एका कागदावर उतरवून घ्यावीत. ती त्याला आवडलीच पाहिजेत, अशी अट मुळीच नसावी. तो मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्याने ती फक्त सांभाळावीत. मोबदल्यात आजीनेही नातवाची दोन गाणी, चेहरा शक्य तितका प्रसन्न ठेवून, शेवटपर्यंत ऐकावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ, जेवणाच्या वेळी, घरातील एकाने लावावे आणि इतरांनी ऐकावे. यास ना शुल्क लागते, ना साक्षीदार. मोबाइलमधील याद्या खात्याबरोबर आणि खाते संकेतशब्दाबरोबर हरवते. कागद मात्र माळ्यावरील डब्यातही टिकून राहतो.

त्या घरातील मुलीने कॅसेट वाजवण्यासाठी शेजाऱ्यांकडून जुना टेपरेकॉर्डर मागून आणला. फीत थोडी खरखरली. पण गाणी लागली. कव्वाली दुसऱ्या बाजूस अगदी शेवटी होती. ऐन रंगात आली असताना फीत संपली आणि खटका वर आला. वडिलांनी हिशेबात दोन मिनिटांची चूक केली होती. मुलगी हळहळली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पुढच्या ओळी ऐकू आल्या. आई कणीक मळता मळता ती कव्वाली पुरी करीत होती. एकही शब्द चुकत नव्हता.

मुलीने टेपरेकॉर्डर बाजूला सारला, वही काढली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारले, “आणखी कोणकोणती?”